बिंतीचा गच

जानकीअक्का शिंदे यांचा अपमान गेल्या पौषातल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी झाला. जागा: म्हैसूरच्या अग्रहारामागची कौलारू धर्मशाळा, तिची उत्तरेकडची भिंत. हजर माणसं छत्तीस. त्यांतली एक मी. वेळ इतकी पक्की सांगते, कारण त्या क्षणी अक्कांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी घड्याळाकडे बघत होते.

मी पत्रकं लिहिते. झाडं तोडू नका, तलावात राडारोडा टाकू नका, जुन्या दारांना ऑइलपेंट फासू नका. पत्रकात कोणाचं काय चुकलं ते पहिल्या ओळीत यावं लागतं, नाहीतर लोक कागदाची पुडी करतात. म्हणून पहिल्या ओळीत ते सांगून टाकलं. आता जरा सावकाश सांगते.

काल सकाळी मी एकटीच त्या भिंतीपाशी गेले. धर्मशाळेच्या अंगणात नुकताच सडा टाकलेला होता. शेजारच्या घरातून हिंग-कढीपत्त्याच्या फोडणीचा वास येत होता आणि गल्लीच्या टोकाला फुलवाला सायकलवरून ‘हूवा, हूवा’ करत चालला होता. भिंतीला तळवा लावला. गार होती. डोळे मिटले, तर पुढे उभी ती सात वर्षांची मी. पायात सॅंडल, कमरेला पाण्याची बाटली, आणि मागून हाक:

“मक्कळांनो, बेगा या! ऊन चढलं की बिंती तापतात. तापलेल्या बिंती बोलत नाहीत.”

मक्कळू म्हणजे मुलं, बेगा म्हणजे लवकर. अक्कांच्या तोंडात कन्नड आणि मराठी अशा एकमेकींच्या हातात हात घालून यायच्या की वेगळ्या करायच्या म्हटलं तर वाक्यच मोडायचं. त्यांचं घराणं मराठी, पण किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. वडील चुन्याच्या कामाचे मेस्त्री. स्वतः अक्कांनी मुलींच्या कन्नड शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झाल्या आणि दर महिन्याच्या एका रविवारी आमच्या मराठी मंडळाच्या मुलांना गावातल्या जुन्या जागा दाखवू लागल्या. पत्रिकेत त्याचं नाव होतं ‘वारसा फेरी’. अक्का म्हणायच्या सुत्ताट. सुत्ताट म्हणजे नुसतं भटकणं. आम्हालाही तेच आवडायचं.

फेरीचा नियम एकच: आधी हात, मग डोळे, मग तोंड. कुठल्याही जागी पोचलं की अक्का आम्हाला रांगेत उभं करायच्या, डोळे मिटायला लावायच्या आणि तळवे भिंतीला. कोणाची भिंत खरखरीत, कोणाची ओलसर, कोणाच्या बोटाला मुंगी चावलेली. ती मुंगी चावलेली मुलगी ओरडली की अक्का म्हणायच्या, “सुम्ने! ओरडू नको. तिचं घर आहे ते, तू पाहुणी.” मग डोळे उघडायचे. मग विचारायचं. वर्ष, राजा, शिलालेख हे सगळं शेवटी, तेसुद्धा आम्ही मागितलं तर.

भाषेच्या बाबतीत आमच्या घरी अक्कांच्या बरोबर उलट. बाबांना मेटगळ्ळीतल्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही नाशिक सोडलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. आईला भीती वाटायची की इथे माझी जीभ हरवेल. तिचा कायदा होता: उंबऱ्याच्या आत शुद्ध मराठी. बाबा बाजारातून येऊन म्हणायचे, “सोप्पु आणलाय.” आई पिशवीला हात लावायची नाही. “सोप्पु मला निवडता येत नाही. पालेभाजी आणली असाल तर द्या.” बाबा पिशवी उचलून परत दाराबाहेर जायचे, पुन्हा आत यायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, “पालेभाजी!” आम्ही तिघंही हसायचो. पण कायदा कायदाच होता, आणि मी त्यातली हुशार विद्यार्थिनी. वक्तृत्वाची बक्षिसं माझीच.

त्या हुशारीच्या भरात, अकरा वर्षांची असताना, याच भिंतीपाशी मी अक्कांना दुरुस्त केलं होतं. त्या म्हणाल्या, “ह्या बिंतीचा गच बघा, कसा गार आहे.”

मी हात वर केला. “अक्का, बिंत नाही, भिंत. आणि गच नाही, गच्ची. आणि गच्ची वर असते.”

मागची मुलं खुसखुसली. अक्कांनी छत्री बगलेत मारली आणि माझ्याकडे अगदी गंभीरपणे पाहिलं, बरोबरीच्या माणसाकडे पाहावं तसं.

“वर असते? हौदा, खरंच? आणि वर राहते कशी ग ती? खाली का येत नाही?”

“सिमेंटनं.”

“आणि सिमेंट यायच्या आधी?”

मी मागच्या मुलांकडे पाहिलं.

“चुन्याच्या गचानं. कुटून, घोटून गच केला, तो वर पसरला, ती गच्ची. लेकीचं नाव ठाऊक आणि आईचं नाही, असं कसं चालेल? बरं, भिंत तर भिंत. ते तुझं बरोबर.” आणि मग सगळ्यांकडे वळून, “हिनं आज मला शिकवलं, अल्वा, हो ना? टाळ्या वाजवा.”

टाळ्या वाजल्या. मला लाजायला झालं आणि आनंदही झाला. पुढच्या फेरीत अक्का ‘बिंत’च म्हणाल्या, आणि मी हात वर केला नाही.

त्या महिन्यात त्यांनी आम्हाला आपल्या परसात नेलं. वडिलांच्या वेळची चुन्याची टाकी तिथे अजून होती. चुना पंधरा दिवस आधीच भिजत घातलेला, वर पाण्याचा पातळ थर, त्यात फणसाच्या झाडाची सावली. एका मडक्यात गुळाचं पाणी, एकात हिरड्याचा काढा. वाळूत चुना कालवला, गूळ-हिरडा ओतला आणि आम्हा आठदहा जणांच्या हातात लाकडी चोपण्या दिल्या. टप, टप, टप. आधी सगळ्यांची वेगळी टप, मग हळूहळू सगळ्यांची एक. ओल्या चुन्याचा तो थंड, किंचित झोंबणारा वास आणि त्यात गुळाचा गोडवा. मी तो वास पुढे कुठेच घेतला नाही. अक्का मधेच थोडा गच बोटावर घेऊन अंगठ्याने चोळायच्या. “अजून नाही. अजून तो चुना आहे आणि ही वाळू आहे. दोघं वेगळे बोलतायत.” पुन्हा टप, टप. शेवटी एका फरशीवर तो पसरला आणि गुळगुळीत गोट्याने घोटला. संध्याकाळपर्यंत त्यात आमच्या तोंडांची सावली दिसू लागली.

श्रावण संपत आला की फेरीची वाट बदलायची, कारण दसऱ्याच्या तालमीला हत्ती रस्त्यावर यायचे. सकाळी सातला. आधी लांबून साखळीचा आवाज, मग डांबरावर जड, मऊ पावलं, मग तो ओल्या गवताचा आणि लिदीचा उबदार वास. अक्का अर्ध्या वाक्यात थांबायच्या. “आता मी गप्प. आज शिकवणारे हेच.” एका जुन्या कमानीखालून हत्ती गेला की कमानीच्या उंचीचं गणित न सांगता कळायचं. हत्ती गेल्यावर अक्का पुढचं अर्धं वाक्य तिथूनच उचलायच्या.

मार्गशीर्षात एकदा बस करून बैलकुप्प्याला, तिबेटी लोकांच्या वसाहतीत. पिरियापट्टणच्या आसपास खिडकीतून तंबाखूच्या भट्ट्यांचा जडसर, गोड वास यायचा, आणि दोन मुलांना हटकून मळमळायचं. अक्कांच्या पिशवीत त्यांच्यासाठी मीठ-मिरची लावलेले आवळे तयार असायचे. बैलकुप्प्याच्या मठात लोण्याच्या दिव्यांचा धूर आणि पोटात घुमणारे लांब कर्णे. तिथला एक म्हातारा भिक्खू अक्कांशी इतकं स्वच्छ कन्नड बोलायचा की आम्ही बघतच राहायचो. परतताना अक्का म्हणाल्या, “बघितलं? किती लांबून आला तो. इथली भाषा कशी अंगात घातलीय! शिंप्याकडून मापाची शिवून आणल्यासारखी. आणि प्रार्थनेला बसला की आपली ती आपली.” मी विचारलं, “आणि तुमची कुठली, अक्का?” त्या हसल्या. “माझी? माझी उरलेल्या तुकड्यांची गोधडी. पण थंडी जाते.”

अशी आठ वर्षं गेली. कोणत्या रविवारी कुठे गेलो ते आता सांगता येत नाही. छत्रीच्या टोकाने दाखवलेली एखादी खिडकी आठवते, कागदाच्या सुरळीतली चुरमुरी आठवते, तिच्यातला कच्चा कांदा आणि खोबरेल आठवतं. पावसाने वारसा फेरी बुडाली तर कोणाच्या तरी पडवीत अक्का तांब्याभर पाणी घेऊन बसायच्या आणि पागोळ्यांखाली बोट धरून विचारायच्या, “हे पाणी कौलावरून आलं का पत्र्यावरून? चव घेऊन सांगा.” आम्ही चव घ्यायचो. आमच्या आयांना हे कधीच कळलं नाही.

मग आम्ही मोठे झालो आणि मंडळही मोठं झालं. नवी कुटुंबं आली, नवी समिती आली. वारसा फेरीसाठी एक सहल-कंपनी नेमली गेली. आता कानात लावायची यंत्रं मिळतात, पुढे झेंडा असतो, आणि बंगळुरूहून एक तज्ज्ञ बाई येतात. बाई अभ्यासू आहेत, चांगलं बोलतात. माझं त्यांच्याशी भांडण नाही. अक्कांना त्या वारसा फेरीत एक भिंत दिली गेली. दहा मिनिटं. अक्का म्हणाल्या, “एक बिंत पुष्कळ झाली.”

हातात देण्याचं पत्रक मी लिहिलं. साहजिकच. मी अक्कांकडे बसून टिपून घेतलं. त्यांनी सांगितलं: ह्या बिंतीचा गच हाताला गार लागतो. घरी आल्यावर मी ते वाक्य बराच वेळ बघत बसले. मग लिहिलं: या वास्तूची गच्ची थंड असते.

मला गच माहीत होता. माझ्या हातांनी तो कुटला होता. पण पुण्याहून, ठाण्याहून आलेली माणसं ते वाचून एकमेकांकडे बघतील आणि किंचित हसतील, ते हसू मला आधीच दिसलं. अक्कांना त्यातून वाचवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. मला स्वतःला वाचवायचं होतं, पत्रकाखाली माझं नाव होतं.

तर तो रविवार. धुकं अजून पुरतं गेलेलं नव्हतं. अक्का नेहमीसारखी छत्री घेऊन भिंतीला पाठ लावून उभ्या. “आधी हात लावा. ह्या बिंतीचा गच बघा.” कोणीही हात लावला नाही. सगळ्यांनी हातातलं पत्रक बघितलं आणि मग छत्तीस माणसांनी एकदम मान वर केली. वर मंगळुरी कौलं होती. उतरती.

मंडळाचे कार्यवाह पुढे आले. “अक्का, गच्ची कुठे आहे?”

“गच्ची नाही, गच. हा काय, इथे.”

“पत्रकात तर गच्ची लिहिलंय. थंड गच्ची.” त्यांनी कागद वर धरून दाखवला. मागून कोणीतरी म्हणालं, “कौलांवर गच्ची? मग मी वाळवण घालायला येते.” हशा झाला. मोठा, निरोगी, सकाळच्या चहासारखा हशा. कार्यवाहसुद्धा हसले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, “राहू द्या अक्का. तुमचं मराठी आमच्या लोकांना जरा जड जातं. आता मॅडमच सांगतील. तुम्ही बसा सावलीत.”

अक्कांनी हात पुढे करून पत्रक घेतलं. वाचलं. खालचं नावही वाचलं. मग गर्दीत मला शोधलं. मी घड्याळ बघत होते.

“छापलंय म्हणजे तेच बरोबर असणार,” त्या म्हणाल्या. “माझंच चुकलं. मला कुठं एवढं मराठी येतं?” त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. कानातलं यंत्र त्यांना कोणी दिलं नव्हतं, त्यामुळे पुढचा तासभर बाई काय सांगत होत्या ते त्यांना ऐकूही आलं नसेल.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. अवरेकाईचे, म्हणजे वालाच्या शेंगांचे दिवस होते. अक्का ओसरीवर परात घेऊन बसल्या होत्या, भिजवलेला एकेक दाणा चिमटीत धरून दाबत होत्या. साल हातात, दाणा परातीत. सगळ्या ओसरीला तो हिरवा, तेलकट वास. मी समोर बसले आणि दाणे घेतले.

“अक्का, ते मी बदललं होतं.”

“माहीत आहे ग.”

“मग तिथे का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? ह्या पोरीनं केलं म्हणून? छत्तीस माणसांत तुला उभी करून मला काय मिळणार होतं?” त्यांनी माझ्या हातातला दाणा काढून घेतला. “असा नको दाबू, फुटतो. हळू.”

मी पुढचा दाणा हळू दाबला.

“पुढच्या फेरीला याल ना?”

“नको ग.”

“रागावलात?”

“राग नाही. काल मार्केटात गेले होते. भाजीवाली विचारते काय हवं, आणि मी उभीच. सोप्पु म्हणू का भाजी म्हणू? सत्तर वर्षांत असं कधी झालं नाही, बघ. तोंड उघडायच्या आधी शब्द तपासत बसले.” त्या हसायला गेल्या, पण हसू निम्म्यावर राहिलं. “असं तपासत बसून मुलांशी बोलता येत नाही.”

त्या दिवसापासून अक्का आल्या नाहीत. माघात नाहीत, फाल्गुनात नाहीत.

मी कार्यवाहांकडे गेले. पत्रकातली चूक माझी आहे, दुरुस्ती छापा, अक्कांना सगळ्यांसमोर बोलवा, असं सांगितलं. माणूस वाईट नाही. त्यांनी मला कॉफी दिली आणि शांतपणे म्हणाले, “अगं, आपली मुलं परमुलखात वाढतायत. निदान मंडळात तरी त्यांच्या कानावर शुद्ध पडायला नको का?”

मी म्हटलं, “काका, तुमच्या नातीला चार वर्षं झाली मंडळात येऊन. ती घरी मराठी बोलते?”

त्यांनी माझा रिकामा पेला उचलला. मग म्हणाले, “इंग्रजी बोलते.”

“अक्कांच्या फेरीत आम्ही पंधरा मुलं होतो. आजही एकमेकांशी मराठी बोलतो. त्यात दर चौथा शब्द कन्नड असतो. पण बोलतो.”

“तू फार तावातावाने बोलतेस,” ते म्हणाले. ते खरं आहे. पण दुरुस्ती छापली गेली नाही.

आता चैत्रातल्या फेरीचा कागद निघाला आहे. छान रंगीत आहे. त्यावर ‘तज्ज्ञांसोबत’ असं मोठ्या अक्षरात आहे आणि नावांमध्ये जानकीअक्का शिंदे हे नाव नाही. अक्कांना तो कागद कोणी पाठवलाही नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “त्यांनीच येणं बंद केलं ना?” असं एकदा म्हटलं की पुढच्या वर्षी कोणाला प्रश्नही पडणार नाही. या वर्षीची सात वर्षांची मुलं गावातून फिरतील, तारखा ऐकतील, कशालाही हात न लावता घरी येतील, आणि आपलं काही राहून गेलं हे त्यांना कधीच कळणार नाही.

मी माझी चूक इथे सगळ्यांसमोर कबूल केली आहे. आता तुमच्याकडे वळते, कारण त्या छत्तीस जणांत तुम्ही असाल, किंवा तुमच्या घरातलं कोणी असेल.

चैत्राच्या फेरीचा कागद तुमच्या दारात येईल. नाव नोंदवायला कार्यवाह हसून पेन पुढे करतील. त्यावर सही करू नका. आधी विचारा, जानकीअक्का कुठे आहेत? मग अग्रहारात त्यांच्या ओसरीवर जा, मुलाबाळांना घेऊन जा, आणि त्यांना या म्हणा. कशाही बोला म्हणा, आम्ही ऐकू म्हणा. आणि त्यांचं नाव त्या कागदावर छापून येत नाही तोवर तुमचं नाव त्यावर लिहू नका.